सहाव्या पोळीला झांज

चंद्रकलानं नवऱ्याला न विचारता आयुष्यात दोनच गोष्टी केल्या. पहिली, विद्यापीठाच्या मेसमध्ये पोळ्या लाटायचं काम धरलं. दुसरी, त्याच मेसमध्ये उभं राहून नवऱ्याचं नाव ऑर्केस्ट्रात घातलं. पहिलीला आठ वर्षं होऊन गेली होती आणि किसनची त्याबद्दल काही तक्रार उरली नव्हती. दुसरी त्याच्या कानावर घालायला तिनं दोन दिवस लावले.

झालं होतं असं. भरे गावाच्या वरच्या अंगाला, टेकडीवर ते विद्यापीठ. तिथल्या पोरापोरींचा ऑर्केस्ट्रा होता. लग्नात गाणी म्हणतात तो नव्हे. साठ जण व्हायोलिनं आणि पितळी कर्णे घेऊन खुर्च्यांवर बसतात आणि समोर एक बाई हातात काडी घेऊन उभी राहते, तो. वर्षातून एकदा त्यांचा मोठा कार्यक्रम असायचा. यंदा तो तीन आठवड्यांवर आला, आणि झांज वाजवणारा मुलगा कावीळ होऊन नागपूरला आईकडे गेला. मोठ्या ड्रमवर बसणारी अपेक्षा जेवणाच्या रांगेत मैत्रिणीला रडवेली होऊन सांगत होती, की चाळीस मिनिटांच्या सिंफनीत झांज एकदाच वाजते, पण ती एकदा वाजलीच पाहिजे, आणि एका टोल्यासाठी पुण्याहून कुणी यायला तयार नाही.

चंद्रकलानं तिच्या ताटात पोळी टाकली. "आमच्या घरी हाय की झांजवाला," ती म्हणाली.

अपेक्षानं पोळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मावशी खरं सांगताय का, असं विचारलं. चंद्रकलानं सांगितलं की वीस वर्षं वाजवली आहे, भैरवनाथाच्या छबिन्यात सगळ्यात पुढं. हे सगळं खरं होतं. गेली दोन वर्षं त्यानं झांजेला हात लावलेला नाही, हेही खरं होतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

गावच्या ढोल-लेझमाच्या मंडळात ढोल बहिरूचा आणि झांज किसनची, हे इतकं ठरलेलं होतं की त्यांची लग्नं झाली तेव्हा लोक म्हणाले, आता चौघांचा संसार सुरू झाला. बहिरू दोन वर्षांमागं जेवता जेवता गेला. चौदावं झालं त्या दिवशी किसननं झांज जुन्या पंच्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवली. पुढच्या दोन्ही छबिन्यांना तो ओढ्याकडच्या वाटेनं कंपनीत गेला. घोटावड्याच्या बाजूला पुठ्ठ्याची खोकी बनवायची कंपनी होती, तिथं तो कामाला होता.

झांजेचं चंद्रकलाला तितकंसं काही नव्हतं. तिला त्याची बोटं परत हवी होती. पूर्वी तो जेवायला बसला की ताटाच्या काठावर बोटं चालायची. खाटेवर पडला की खाटेच्या माचव्यावर. एकदा तर तिच्या बाळंतपणात दवाखान्यात तो तिच्या पाठीवर वाजवत बसला होता आणि नर्सनं त्याला बाहेर काढलं होतं. त्या वेळी ती चिडली होती. आता दोन वर्षं ती बोटं मांडीवर नुसती पडलेली असायची, कुणीतरी ठेवून गेल्यासारखी.

तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. किसननं घास गिळला, पाणी प्यायला, आणि विचारलं, "किती येळा वाजवायची?"

"एकदा."

"एकदा वाजवायला मानूस कशाला लागतो?"

"ते तितं जाऊन इचारा."

तो विचारायला म्हणून गेला, आणि त्यांनी त्याला मागच्या चौथऱ्यावर एका उंच स्टुलावर बसवलं. हातात परातीएवढ्या दोन झांजा दिल्या.

काडीवाल्या बाई म्हणजे गौतमी मॅडम. मूळच्या मुठा गावच्या, वडील तिथं शाळेत मास्तर होते. पुण्यात व्हायोलिन शिकल्या, मग पुढं ऑस्ट्रियात सात वर्षं. तालमीत त्या इंग्रजी, हिंदी आणि पुण्याची मराठी अशा तीन भाषा आलटूनपालटून बोलायच्या. चंद्रकला चहाची किटली घेऊन दाराशी उभी होती, तेवढ्यात सिंफनी सुरू झाली. तीन भाग गेले. किसन हलला नाही. चौथ्या भागात पितळी कर्णे एकदम उसळले, मग सगळ्यांचा आवाज हळूहळू निवत गेला, किसन उठला, झांजा उचलल्या आणि तशाच धरून उभा राहिला. गाणं त्याला सोडून पुढं गेलं.

पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तिसऱ्या वेळी मॅडमनी काडी खाली केली. साठ जण थांबले. किटलीचा कान भाजत होता तरी चंद्रकलाला ती खाली ठेवायचं सुचलं नाही.

मॅडमच्या तिन्ही भाषा संपल्या होत्या बहुतेक, कारण चौथी बाहेर आली. "काका, तुमी थांबताय ते ठीक हाय," त्या म्हणाल्या. "पन कुनाची वाट बघताय?"

किसननं खरं ते सांगितलं. "बहिरूची."

मॅडमनी हजेरीचा कागद पाहिला. त्यात बहिरू नव्हता.

मग किसनला बोलावं लागलं, आणि एवढं तो दोन वर्षांत बोलला नव्हता. आकडे मोजून वाजवायची आमच्याकडं रीत नाही, त्यानं सांगितलं. ढोलवाल्याचा डावा खांदा पडला की झांज. मॅडम म्हणाल्या, मी हातानं खूण करते ना. किसन म्हणाला, "हात कुनीबी हलवतंय. खांद्याला खोटं येत न्हाई."

ज्या बाईनं सात वर्षं परदेशात हात हलवायचं शिक्षण घेतलं होतं, तिनं क्षणभर आपल्या हाताकडे पाहिलं. मग त्या म्हणाल्या, बरं, खांदा देते तुम्हाला. अपेक्षाचा ड्रम किसनच्या शेजारी आणून ठेवला. त्या जागी तिचा शेवटचा टोला असायचा. तो देऊन ती ड्रमवर तळहात ठेवायची, आणि तेव्हा तिचा डावा खांदा खाली यायचा. पोरगी किडकिडीत होती, पण खांदा प्रामाणिक होता. किसननं झांज मारली.

पुढच्या चार व्हायोलिनवाल्या खाली वाकल्या.

वेळ बरोबर होती, पण हे छबिन्यातलं मारणं होतं. मॅडमनी सांगितलं की हा टोला मोठा नाहीच मुळी. झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतात ना काका, तसा. किसननं मान हलवली. चौथ्या तालमीपर्यंत पांघरूण बरोबर पडायला लागलं.

सगळे खूश होते. चंद्रकला तेवढी खूश नव्हती. तो झांज वाजवत होता ती कंपनीत खोक्याला चिकटपट्टी लावावी तशी: चोख, आणि लावून मोकळा. घरी येऊन जेवायला बसला की बोटं मांडीवरच. माळ्यावरची झांज माळ्यावरच. विद्यापीठाच्या झांजा विद्यापीठाच्या कपाटात. तिनं अपेक्षाकडून सिंफनी मोबाइलवर घेतली होती आणि मेसमध्ये सकाळ-संध्याकाळ लावून पोळ्या लाटत होती. रोजची सवय, हात घड्याळासारखा चाले. चौथा भाग सुरू झाला की पहिली पोळी, आणि सहावी लाटून तव्यावर पडली की झांज. एकदाही चुकलं नाही. भाजणारी बाई म्हणाली, दुसरं काही लाव की. चंद्रकला म्हणाली, कार्यक्रम होईपर्यंत न्हाई.

गावात बातमी पोचली तेव्हा ती थोडी मोठी झाली होती. मंडळाचे म्हातारे प्रमुख कोंडाजीअण्णा यांनी ठरवलं की सगळ्यांनी जायचं. किसनचा पुतण्या रोहित, तरुण मंडळाचा अध्यक्ष, त्यानं फ्लेक्स करायला टाकला. झांज घेतलेला किसनचा फोटो साऱ्या गावात एकच निघाला, तीन वर्षांपूर्वीच्या छबिन्यातला, रोहितच्या मोबाइलमध्ये. फ्लेक्सवाल्यानं त्यातून किसन कापून घेतला, वर झांजसम्राट लिहिलं, खाली आंतरराष्ट्रीय वाद्यवृंदात निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन, आणि शुभेच्छुक म्हणून चोवीस जणांचे फोटो. त्यातले वीस जण गॉगल लावून होते.

कार्यक्रमाला चार जिपा भरून गाव आलं. वाजवणं आहे म्हटल्यावर सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या. सभागृहाच्या काचेच्या दाराशी चाळीस जोड शिस्तीत लागले, आणि पुण्याहून आलेल्या मंडळींपैकी काहींनी घोटाळ्यात पडून आपलेही बूट काढले. कोंडाजीअण्णा पहिल्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्चीवर बसले. व्यवस्थेवरच्या मुलीनं ती राखीव असल्याचं सांगितलं. अण्णांनी तिला समजावलं की हे सभागृह होण्याआधी इथं त्यांचं हरभऱ्याचं वावर होतं, बांध साधारण सहाव्या रांगेतून जात होता, म्हणजे ते आपल्याच बाजूला बसले आहेत. मुलगी दुसरी खुर्ची आणायला गेली.

चंद्रकला चौथ्या रांगेत, आणि तिच्या शेजारी बहिरूची बायको तुळजाबाई. तुळजाबाई येणार नव्हती. मी येऊन काय करू, म्हणाली होती. मग जीप निघताना लुगडं बदलून उभी राहिली.

पहिल्या अर्ध्या भागात खेड्यापाड्यांतल्या चालींवर बांधलेली गाणी होती. मॅडमनी सांगितलं की शंभर वर्षांपूर्वी युरोपात काही संगीतकार गावोगाव फिरले, शेतकऱ्यांची गाणी लिहून घेतली आणि त्यांतून हे केलं. एकात लंगडल्यासारखा ताल होता, तो लोकांना आवडला. अण्णांनी विचारलं, ज्यांची गाणी घेतली त्यांना कार्यक्रमाला बोलवलं होतं का. ते कुणाला ठाऊक नव्हतं.

मध्यंतरात रोहित आणि दोघं जण फ्लेक्स घेऊन रंगमंचावर गेले. पुढं लावू नका, पाहुणे झाकतात, असं व्यवस्थेवरच्या मुलीनं सांगितलं. मागं लावा. मग त्यांनी तो चौकटीसकट मागच्या चौथऱ्यावर नेला आणि किसनच्या स्टुलाला लागून जरा तिरका उभा केला, म्हणजे खरा किसन आणि छापलेला किसन शेजारी दिसावेत. छान दिसत होते. फक्त फ्लेक्सच्या पलीकडं अपेक्षा आणि तिचा ड्रम होता. अपेक्षा पाणी पिऊन परत आली तोवर दिवे मंद झाले होते.

ते पाहून चंद्रकला खुर्चीच्या कडेला सरकली. किसननं उजवीकडं पाहिलं. तिथं खांदा नव्हता, झांजसम्राट होता. पण स्वतःच्या अभिनंदनाचा फ्लेक्स स्वतः उठून बाजूला करायची भऱ्यात पद्धत नाही. आणि पुतण्यानं हौसेनं केलेला. तो बसून राहिला.

सिंफनी सुरू झाली. पहिला भाग संपला आणि सभागृह एकदम गप्प. टाळी नाही, मधे वाजवायची रीत नसते. पुण्याचे लोक खाकरले फक्त. अण्णा मागं वळून हळू आवाजात म्हणाले, "लोकास्नी आवडलं न्हाई वाटतं. पोरांनी घाम गाळलाय." आणि त्यांनी टाळ्या सुरू केल्या. गाव अण्णांच्या मागं गेलं. मॅडमनी वळून मान झुकवली. पुढची रांग थोडी अस्वस्थ झाली, पण आपण एकटेच कंजूष दिसायला नको म्हणून तीही वाजवू लागली.

दुसरा भाग संथ होता. कुणीतरी लांब गावाला जाऊन घरची आठवण काढावी तसा एक सूर एकटाच फिरत होता. त्यात तुळजाबाईनं चंद्रकलाच्या हाताला हात लावला.

"चंद्रे, त्यो निळा सदरा आमच्यांचा हाय."

चंद्रकलाला कळेना. तुळजाबाईनं हनुवटीनं दाखवलं. फ्लेक्सवर, किसनच्या कडेला, जिथं फ्लेक्सवाल्यानं फोटो कापला होता तिथं, निळ्या चौकड्याचा एक खांदा राहिला होता. त्यावरून ढोलाचा पट्टा गेलेला. मान नाही, तोंड नाही. डावा खांदा तेवढा.

"पिरंगुटच्या बाजारातनं मीच आनलावता," तुळजाबाई म्हणाली. तिनं डोळ्याला पदर लावला नाही. लुगडं सारखं केलं आणि ताठ बसली, सत्काराला बोलावल्यासारखी. पुढचं गाणं तिनं त्या खांद्याकडं पाहतच ऐकलं.

तिसरा भाग धावपळीचा होता, तो कधी आला आणि गेला चंद्रकलाला समजलं नाही. मग चौथा. तिचे हात मांडीवर आपोआप चालायला लागले. पहिली पोळी. कर्णे उसळले, अण्णा खूश होऊन सरळ झाले. दुसरी. तिसरी. किसन उठला, झांजा हातात. त्यानं उजवीकडं मान काढून पाहिलं, थोडं पुढं वाकून पाहिलं, मागं होऊन पाहिलं. अपेक्षा काही दिसेना. चौथी. मॅडमनी लांबून त्याच्याकडं डोळे मोठे केले आणि डावा हात उघडून त्याच्यासाठी तयार धरला. किसन हाताकडं पाहत नव्हता. चंद्रकलाला वाटलं, झालं, हा आता तसाच उभा राहणार, आणि घरी जाऊन कायमचा गप्प होणार, आणि हे सगळं आपण पोळी वाढता वाढता केलं.

पाचवी. किसन वळून फ्लेक्सकडं पाहत होता. आपल्या फोटोकडं नाही, त्याच्या कडेला. आता त्यालाही दिसला होता. सगळं सभागृह पुढं पाहत होतं आणि हा एकटा, दोन पराती छातीशी धरून, निळ्या सदऱ्याकडं. आवाज निवत निवत खाली आला. चंद्रकलानं सहावी लाटली, उचलली.

झांज वाजली.

अगदी हळू. दोन पितळी कडा एकमेकींना लागून सुटल्या आणि त्यातून निघालेलं काहीतरी सभागृहभर पसरलं आणि लोकांच्या अंगावर बसलं. लगेच त्यावरून क्लॅरिनेट निघाला, लग्नाच्या बँडमध्ये असतो तोच, पण शहाणा झालेला. मॅडमचा उघडा हात तसाच राहिला होता, तो त्यांनी हळूच मिटला. किसन खाली बसला. झांजा मांडीवर ठेवल्या.

तुळजाबाई म्हणाली, "पडली बरोबर."

सिंफनी संपली, टाळ्या झाल्या, या वेळी सगळ्यांनी एकदम वाजवल्या. मग अण्णांनी विचारलं, किसनची कवा हाय? त्यांना सांगितलं की झाली. अण्णांचा विश्वास बसेना. गावात चौकशी झाली. चाळीसातल्या सहा जणांनी ऐकली होती. एकाला वाटलं होतं खुर्ची वाजली. रोहितचं त्या वेळी शूटिंग चालू होतं, पण त्यानं सगळं फ्लेक्सचंच घेतलं होतं.

अण्णा रंगमंचाजवळ गेले आणि मॅडमना म्हणाले, सगळं गाव आलंय, किसनला तेवढी एकदा परत मारू दे, जरा मोठ्यानं. मॅडमनी किसनकडं पाहिलं. त्यांची हरकत दिसत नव्हती.

"न्हाई अण्णा," किसन म्हणाला. "ती तेवढीच असती."

अण्णांना ते पटलं नाही, पण भऱ्याचा माणूस पुण्याच्या लोकांसमोर एवढ्या ठामपणानं बोलला म्हणून त्यांनी सत्काराला आणलेली एक शाल त्याला घातली आणि एक मॅडमना. तिसरी शाल उरली होती, ती किसननं मागून घेतली आणि तुळजाबाईला दिली. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही.

फ्लेक्स चौकटीतून काढून गुंडाळला. रोहित म्हणाला, सरपणावर टाकायला होईल, पाणी जात नाही. किसन म्हणाला, मी नेतो. जिपेत तो गुंडाळी मांडीवर आडवी घेऊन बसला, एक टोक चंद्रकलाच्या मांडीवर. टेकडी उतरताना वळणावर तिनं विचारलं, अपेक्षा दिसत न्हवती तर कळलं कसं.

किसननं गुंडाळी मांडीवर नीट केली. "खांदा हालला," तो म्हणाला.

"एसी हाय तितं. कापड हालतंयच."

"व्हय," किसन म्हणाला. "एसीच असंल."

पुढच्या बाकावर तुळजाबाई शाल अंगावर घेऊन खिडकीतून बाहेर पाहत होती. तिला ऐकू आलं असेल, नसेल. जीप खड्ड्यातून गेली, सगळे हलले, परत बसले. चंद्रकलाच्या मांडीवरच्या टोकाला काहीतरी जाणवलं. तिनं खाली पाहिलं नाही. पाहिलं तर थांबतील असं वाटलं. गुंडाळीच्या दुसऱ्या टोकाला बोटं चालली होती, आधी दोन, मग चारी, छबिना देवळातून निघतो तेव्हाच्या संथ चालीत.

"घरात चिंच हाय का?" किसननं विचारलं.

"कशाला?"

"झांज काळी पडली असंल. घासाय लागंल."

चिंच नव्हती, परवाच संपली होती. "हाय," ती म्हणाली, आणि कुणाकडून मागायची ते ठरवू लागली. पुढं अण्णा ड्रायव्हरला विचारत होते, की तू तरी ऐकलीस का, आणि ऐकली असलीस तर नक्की कवा.